काढलेलं तेवढं ऐका

१

दुकानात गिऱ्हाईक आलं, की भूपेंद्र आधी एवढंच विचारायचा, “ऐकायचंय की रेकॉर्ड करायचंय?”

गिऱ्हाईक म्हणायचं, दोन्ही. संपलंच मग! भूपेंद्र खुर्ची पुढे ओढायचा आणि जळगावच्या भर उन्हाळ्यात, डोक्यावर पंखा गरम वारा ओतत असताना, त्या बापड्याला सगळं समजावल्याशिवाय उठू द्यायचा नाही. त्या दिवशी नवल सापडला होता. पारोळ्याकडचा गडी, अहिराणी गाणी म्हणायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, आणि आता कॉम्प्युटरला जोडायला चांगला सेट शोधत होता.

“भाऊ, दोन्ही कामं व्हतीन असा एकच सेट दे ना,” नवल म्हणाला.

“तसा नसतो. ऐकायचा सेट म्हणजे लग्नातला आचारी. वरून तर्री सोडणार, येईल ते चविष्ट करून वाढणार. घरात गाणी लावायला झकास. पण त्याच्यावर ऐकून तू तुझं रेकॉर्डिंग दुरुस्त करायला गेलास की फसलास. त्याला वेगळा संसार लागतो. बरा माइक, माइक आणि कॉम्प्युटरच्या मधे एक छोटी पेटी, आणि स्पीकर असे की जे आहे तेच सांगतील. दम लागला तर दम, आवंढा गिळलास तर आवंढा. पहिल्यांदा ऐकशील ना, तर तुझीच तुला लाज वाटेल.”

“लाज वाटी असा सेट कोन लेस भाऊ?” नवल हसला आणि विचार करून सांगतो म्हणाला.

भूपेंद्र नवलच्या शेजारच्या गावचाच. पण नवल अहिराणीत बोलला तरी हा उत्तर द्यायचा शुद्ध मराठीत. त्याचा आवाज होताच तसा, घोटीव. दुकान चाले न चाले, घरी मागच्या खोलीत फोम चिकटवून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली होती, आणि कुणाच्या जाहिराती, कुणाच्या क्लासचे धडे तो तिथे बसून वाचायचा. ऐकायचा सेट बाहेर हॉलमध्ये, रेकॉर्डिंगचा आत.

आणि घरात अक्का.

बेबाबाई, त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला कडेवर वागवलं. नवरा वारल्यावर पारोळ्याहून ती भावाकडे राहायला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्काला एक खोड होती. ती जे करेल ते भूपेंद्रला सांगून करायची, भिंतीपलीकडून, मोठ्याने. “भूप्या, च्या ठेवस रे.” “भूप्या, मी गच्चीवर जास, बिबडे वाळत टाकेल शेत.” “भूप्या, मांजर उनी व्हती, दूध झाकी दिधं.” उत्तराची तिला गरज नसायची. घरात अक्का कुठे आहे हे डोळे मिटूनही कळायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर गंमतच. खान्देशात आखाजीला लेकीबाळींना माहेरी आणतात, भाऊ न्यायला जातो. आता अक्का राहायलाच भावाच्या घरी, तिला न्यायचं कुठून? पण नाही! सकाळी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. भूपेंद्रने गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथून परत यायचं, पिशवी उचलायची आणि म्हणायचं, “चाल अक्का, लेवाले उनू.” न्यायला आलो, म्हणजे. ती म्हणायची, “इतला उशीर काबर कया रे?” आणि मग दोघांनी घरात यायचं. वर्षातून तेवढं एकच वाक्य तो अहिराणीत बोलायचा. आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा, गल्लीत कुणी नाही ना.

२

पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम येऊ घातलं होतं. शाळेची सगळी पुस्तकं आवाजात करायची होती. ते मिळालं असतं तर दुकानाच्या रखडगाडीतून सुटका होती. त्यासाठी कंपनीच्या बाईंनी कॉम्प्युटरवरच त्याची परीक्षा ठेवली. दुपारची वेळ. कूलर बंद, पंखा बंद, खोलीत भट्टी पेटलेली. भूपेंद्र घाम पुसत पुसत परिच्छेद वाचत होता आणि भिंतीपलीकडून आवाज आला, “भूप्या, च्या ठेवस रे!”

“मागे कुणी बोलतंय का?” बाईंनी विचारलं.

“सॉरी मॅडम,” भूपेंद्र म्हणाला, “कामवाली आहे. खेड्यातली आहे हो, कळत नाही तिला. सांगतो मी.”

असं बोलायला फार वेळ लागत नाही. जीभ आपोआप वळते. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पण नमुना अगदी स्वच्छ हवा, लगेच पाठवा. त्या पडद्यावरून गेल्या. आणि समोरच्या काळ्या पडद्यावर भूपेंद्रला दिसलं, की मागे दारात अक्का उभी आहे. हातात चहाचा कप.

तिने किती ऐकलं असेल? सगळंच. खोली केवढी ती!

आता या धंद्यात एक पद्धत असते. रेकॉर्डिंगच्या आधी थोडा वेळ कुणी बोलायचं नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, भिंतीतली गुणगुण. मग तो तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा आणि सांगायचं, बाबा रे, हा कचरा. असा कचरा जिथे जिथे सापडेल तिथून काढून टाक. भूपेंद्रने मागे वळायचं टाळायला बटण दाबलं आणि खोली रेकॉर्ड करायला घेतली. तोंड पडद्याकडे. मान ताठ.

मागून अक्का बोलली. हळू, तिच्या मानाने फारच हळू.

“भूप्या, तुले अडचन व्हस ना रे मन्ही? माले सांगी देवानं व्हतं. आते मी बोलाव नही. कर तू तुन्हं काम.”

हा तुकडा पुसून दुसरा घ्यायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण त्यासाठी थांबायला हवं होतं, वळायला हवं होतं, तिच्याकडे बघायला हवं होतं. त्याने तसाच तो तुकडा निवडला, तिच्या बोलण्यासकट, आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हा कचरा.

मग त्याने परिच्छेद वाचला. असा स्वच्छ आला, की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. वळून बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर कप ठेवलेला होता, चहा साय धरून बसला होता.

३

काम मिळालं. कामिनी, त्याची बायको, शाळेतून पेढे घेऊनच आली. ती नाशिकची, शिक्षिका. नवऱ्याच्या आवाजावर भाळूनच तिने लग्न केलं होतं, असं ती चारचौघांत सांगायची.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र खोलीत बसला होता. दारावर टकटक झाली. अक्का कधी दार वाजवत नसे.

“साहेब, चहा ठेवलाय. इथे आणू की बाहेर घेताय?”

तो दचकला आणि मग ओशाळला. घ्या, म्हटलं, लागलंय तिला. टोमणा मारतेय. मारणारच! त्याने हसायचा प्रयत्न केला. “काय अक्का, थट्टा करतेस का?”

“नाही साहेब,” ती म्हणाली, आणि कप ठेवून निघून गेली.

शब्द स्वच्छ, धुऊन वाळत घातलेले. पण भूपेंद्रला खटकलं ते वेगळंच. आवाज ऐकण्यात त्याची हयात गेली होती. माणूस कुठेही बोलो, त्याच्या आवाजाला ती जागा चिकटून येते. स्वयंपाकघरात बोललं की फरशी ऐकू येते, गच्चीवर बोललं की आभाळ. अक्काच्या या आवाजाला काहीच चिकटलेलं नव्हतं. ती दारात उभी होती, आणि आवाज मात्र माइकसमोर तोंड धरून बोलल्यासारखा कानाशी. आणि बांगड्या? हातभर काचेच्या बांगड्या घालते अक्का, नवरा गेल्यावरही. कप ठेवताना एकही वाजली नाही.

उन्हाने डोकं फिरलंय, असं त्याने ठरवलं. त्या उन्हात असं ठरवणं सोपं होतं.

संध्याकाळी कामिनी म्हणाली, “अक्का किती छान बोलायला लागल्यात हो! तुमचंच ऐकून ऐकून शिकल्या असतील.”

“तुला विचित्र नाही वाटत?”

“विचित्र काय त्यात? चांगलंच आहे.”

स्वयंपाकघरात अक्का भांडी घासत होती. भांड्यावर भांडं चढत होतं. भूपेंद्रने कान दिला. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू आला, नळाचं पाणी ऐकू आलं, भांडी ऐकू आली नाहीत.

४

त्याने माफी मागायची ठरवली. दुसरं काय? चूक आपली, राग तिचा. राग गेला की ती पुन्हा भिंतीआडून ओरडेल आणि आपण मुकाट ऐकून घेऊ. अक्का गहू निवडत बसली होती. तो तिच्यापुढे जमिनीवर बसला.

“अक्का, त्या दिवशी मी त्या मॅडमना जे बोललो ना... चुकलं माझं. माफ कर.”

तिने वर पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर तो तिच्या पायावर डोकं ठेवून रडला असता. राग नव्हता. थोडा गोंधळ होता आणि पुष्कळ आदर होता.

“कशाबद्दल, साहेब? तुम्ही तर मला कधीच वावगं बोलला नाहीत.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

तेवढ्यात नवल आला. सेट घ्यायचं त्याचं पक्कं झालं होतं, पण आधी घरचा ऐकून बघतो म्हणाला. भूपेंद्रला बरंच वाटलं. नवलला अक्का लहानपणापासून ओळखायची, गावी त्याच्या आईबरोबर शेतात जायची. हा आला की दोघांची अहिराणी अशी सुटायची की कामिनी कानावर हात ठेवायची. आता तिचं तोंड उघडेल, भूपेंद्रला वाटलं.

अक्काने पाणी आणलं. नवलने तांब्या घेतला, पाणी प्याला, तांब्या परत दिला. “थँक्यू बाई,” म्हणाला. ती आत गेली.

भूपेंद्र त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“भाऊ,” नवल इकडेतिकडे बघत म्हणाला, “अक्का दिसनी नही कोठे. गावले गयी का?”

“काय?”

“अक्का रे. मन्ही मायनी बिबडे धाडेल शेत तिन्हाकरता. ह्या बाईजोडे दी जाऊ का?”

भूपेंद्रने काय उत्तर दिलं, ते त्याला नंतर आठवेना. हो म्हणाला असावा. कारण बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी ओट्यावर राहिली आणि नवल निघून गेला. नवल थट्टेखोर आहे, त्याने स्वतःला समजावलं. कामिनी, अक्का, नवल, सगळ्यांनी मिळून आपल्याला अद्दल घडवायची ठरवलीय. हा विचार येताच त्याला इतकं हायसं वाटलं, की तो पुरता धरूनच बसला. अद्दल घडवा. खुशाल घडवा!

५

आखाजी तोंडावर आली. कामिनी सकाळी शाळेला निघता निघता म्हणाली, “अहो, बाईंना सणाची सुट्टी हवीय. देऊन टाकू या. त्यांचा भाऊ न्यायला येणार आहे म्हणे.”

“कोण बाई?”

“अहो, आपल्या बेबाबाई!” ती चप्पल घालत होती. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावसुद्धा नव्हतं. “एवढी वर्षं आहेत, कधी सुट्टी मागितली नाही बिचारीने.”

भूपेंद्र मागच्या खोलीत गेला आणि कडी लावून बसला. समोर पडद्यावर आदल्या दुपारचं रेकॉर्डिंग होतं, एका धड्याचं, कचऱ्याचा नमुना म्हणून परीक्षेच्या दिवशीचाच तो तुकडा वापरून साफ केलेलं. ते करताना दार उघडं होतं आणि वळलं की मागे बाहेर अक्का गहू पाखडत बसलेली त्याला दिसत होती, गप्प. कचरा काढायची जी खिडकी कॉम्प्युटरवर उघडते तिच्यात खाली एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली, की कॉम्प्युटर उलटं करतो. तुमचा आवाज बाजूला ठेवतो आणि जे उपसून टाकलं तेवढंच ऐकवतो. फार काढलं का, हे तपासायला ठेवलेली सोय ती. एवढे दिवस त्याने कधी वापरली नव्हती. स्वच्छ आहे ना, मग कशाला?

त्याने खूण केली. पण ऐकायचं धाडस होईना. आधी त्याने तो तुकडा बाहेर नेऊन हॉलमधल्या सेटवर लावला. नुसती गोड घुमघुम आली, दूर कुठेतरी पंखा फिरतोय अशी. बरं वाटलं. वाटणारच, तो सेट बरं वाटायलाच असतो, हे तोच नाही का दुकानात सांगायचा?

मग आत येऊन त्याने रेकॉर्डिंगच्या सेटवर लावला.

“भूप्या, च्या ठेवस रे.”

त्याचे डोळे भरून आले. अक्का! तीच ती, घोगरी, मोठ्याने. “भूप्या, गहू निवडाई गयात. भूप्या, ऊन गंजच शे, पानी पी ले.” तो तुकडा आदल्या दुपारचा होता आणि आदल्या दुपारी अक्काने तोंडातून शब्द काढला नव्हता, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. बांगड्या वाजत होत्या. सूप वाजत होतं. मग सगळं थांबलं, आणि आवाज जवळ आला, हळू झाला.

“भूप्या, आखाजी उनी रे. लेवाले कव्हय येशी?”

या आवाजाला जागा चिकटलेली होती. लहान खोली. फोमच्या भिंती. खुर्चीच्या मागे, दाराच्या जवळ. ही खोली होती.

“माले अठे गमत नही रे. उभं राही राही पाय दुखनात.”

त्याने मागे वळून पाहिलं. त्या दिवशी वळला नव्हता, आज वळला. दाराला कडी तशीच होती. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर, कपाच्या बुडाचं असतं तेवढं, एक ओलं वर्तुळ होतं. त्या उन्हाळ्यात पाणी सांडलं तर क्षणात वाळायचं. ते बघता बघता त्या वर्तुळाशेजारी दुसरं उमटलं, कुणी कप उचलून पुन्हा ठेवावा तसं.

त्याने स्पीकर बंद केला. तो ‘कचरा’ पुसून टाकावा, म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल, असं मनात येऊन हात माउसवर गेलाही. पण पुसलं आणि तीच पुसली गेली तर? आता अक्का होती ती तेवढीच, तिथे. हात मागे घेऊन तो बसून राहिला. स्वतःच्या बहिणीला आपण कुठे नेऊन ठेवलंय, आणि ते सांगायचं तरी कोणाला? त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

६

आखाजीच्या सकाळी ती ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, नजर गल्लीच्या कोपऱ्याकडे. घरात पुरण शिजल्याचा वास होता.

भूपेंद्रला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. दर वर्षीचं ते एक वाक्य. ते म्हटलं की ती म्हणेल, इतला उशीर काबर कया, आणि गाठ सुटेल. तो मागच्या दाराने निघाला, वळसा घालून कोपऱ्यावर गेला आणि तिथून चालत आला. शेजारचे गिरधर नाना दारात पेपर वाचत होते. या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. सगळ्या गल्लीने ऐकावं असंच त्याला वाटत होतं.

तो ओट्यापुढे उभा राहिला. पिशवीला हात घातला. तोंड उघडलं.

“चल अक्का, मी तुला न्यायला आलो आहे.”

आपलंच बोलणं ऐकून तो गपकन थांबला. हे नव्हतं म्हणायचं. त्याने पुन्हा सुरुवात केली. शब्द त्याला माहीत होते, आत्ता कोपऱ्यावर मनात घोकले होते. “मी... तुला घेऊन जाण्यासाठी...” घोटीव, स्वच्छ, धड्यातल्यासारखं. जीभ तिकडे वळेचना. आणि आवाज कसा, तर मोकळ्या गल्लीत उभा असूनही त्याला गल्ली चिकटलेली नव्हती.

तिने पिशवी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

“तुम्ही कशाला त्रास घेताय, साहेब? माझा भाऊ येतोच आहे.”

“अक्का, मीच. मी भूपेंद्र. तुझा भूप्या.”

ती हसली, थोरामोठ्यांच्या थट्टेला हसतात तशी, अदबीने. “नाही साहेब. तो आमच्यासारखं बोलतो.” आणि पुन्हा कोपऱ्याकडे बघू लागली.

घरातून, बंद खोलीतून, बंद स्पीकरमधून, पण त्याला स्पष्ट ऐकू आलं, “भूप्या, लेवाले कव्हय येशी रे?” गिरधर नानांनी पेपरचं पान उलटलं. त्यांना काही ऐकू आलं नसावं.

ऊन ओट्यावर चढलं. भूपेंद्र तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला. त्याला आत जायचं धाडस नव्हतं आणि उठून निघून जायला तोंड नव्हतं. बऱ्याच वेळाने कामिनी बाहेर आली.

“अहो, पानं वाढलीत. उन्हात काय बसलात? कोणाची वाट बघताय?”

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. गल्ली रिकामी होती.

“बाईंचा भाऊ यायचाय,” तो म्हणाला. “तो आला की जेवतो.”